जप्त केलेला फोन परत कसा द्यायचा

साडेपाचची घंटा होऊन गेली होती, बाहेर मुसळधार पाऊस आणि ऑफिसच्या दारात एक तरुण उभा. "दहावी ब मधल्या मुलाचा काका आहे मी. त्याचा फोन न्यायला आलोय." अंगात रेनकोट, हातात हेल्मेट, बोलणं अगदी अदबशीर. मी ड्रॉवर उघडला, काळा फोन काढला, वहीत सही घेतली आणि दिला. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. त्यांनी कोणाला पाठवलंच नव्हतं. मुळात त्या मुलाला काकाच नव्हता. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातला ओळखीचा दादा दोन वडापावांच्या बोलीवर काका होऊन आला होता.

फोन मुलाकडेच पोचला होता, म्हणजे नुकसान काही नाही. पण वडील शांतपणे एवढंच म्हणाले, "बाई, उद्या हाच माणूस माझ्या धाकट्या मुलीला न्यायला आला असता तर तिलाही दिली असती का?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत पर्यवेक्षिका आहे. भूगोल शिकवते. आमचं दुपारचं सत्र, बारा-दहा ते साडेपाच. पाचवी ते दहावी, चौदा तुकड्या. फोनचा नियम कसा करावा, असं दुसऱ्या शाळांतले सहकारी विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात "फोन घ्यायचा कसा" हेच असतं. घेणं सोपं आहे हो. कोणीही डोळे वटारून घेऊ शकतं. परत देताना सगळं उघडं पडतं: कोणाला दिला, कधी दिला, आधीचा तडा होता की आपण पाडला. म्हणून माझा सल्ला असा, की नियम शेवटाकडून सुरुवातीकडे लिहा. संध्याकाळी साडेपाचला तो फोन कोणाच्या हातात असणार, ते आधी ठरवा. शाळा भरतानाचं मग आपोआप ठरतं.

"आणूच नका" हे का टिकत नाही

आमच्या शाळेत वर्षानुवर्षं दैनंदिनीच्या पहिल्या पानावर एक ओळ छापलेली होती: "विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाईल आणू नये." करोनाच्या आधी ती बऱ्यापैकी चालली. मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हीच पालकांना सांगितलं की मुलाच्या हातात फोन द्या. कोणी गावची म्हैस विकून घेतला, कोणी हप्त्यावर घेतला. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवीपासून पुढचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा मुलं दप्तरासोबत फोनही घेऊन आली आणि आम्ही दैनंदिनीतली ती ओळ बोट ठेवून दाखवायला लागलो. मुलांना ती ओळ म्हणजे विनोद वाटला. वाटणारच.

दुसरं कारण रस्ता. पेठेतली शाळा म्हणजे पेठेतली मुलं, हे दिवस गेले. वाडे पडले, कुटुंबं धायरी, नऱ्हे, कात्रज, वारज्याकडे सरकली, पण आजोबा इथेच शिकले म्हणून नातू इथेच येतो. डिसेंबरात साडेपाचला शाळा सुटली की स्वारगेटला पोचून दुसरी बस मिळेपर्यंत अंधार होतो. सातवीतल्या मुलीच्या आईला "फोन देऊ नका" असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मला स्वतःला मुलगी आहे. मी दिला असता.

तेव्हा आमचा नियम आता असा आहे. आणायचा असेल तर आणा, पण पालकाचा अर्ज हवा. शाळेत आल्यावर बंद करून जमा करायचा. शाळा सुटताना परत मिळेल. पाचवी-सहावीला अर्ज शक्यतो नामंजूर, कारण ती मुलं बहुतेक रिक्षाकाकांबरोबर येतात आणि काकांकडे फोन असतोच.

अर्ज अर्ध्या पानाचा ठेवा. फोनची कंपनी, रंग, तो कोणाचा आहे (मुलाचा, आईचा की घरातला एकमेव), आणि न्यायला येऊ शकतील अशा दोनच व्यक्तींची नावं, सह्या आणि नंबर. शेवटचा रकाना त्या हेल्मेटवाल्या काकांची देणगी. "घरातला एकमेव" हा रकाना का आला, ते पुढे सांगते.

पिशवी, डबा आणि वीस सेकंदांचा हिशोब

सुरुवातीला आम्ही फाटकावरच फोन जमा करत होतो. शिपाई मामा, मी, एक टेबल, एक वही. एका फोनला नाव लिहून, चिठ्ठी चिकटवून, सही घेऊन फार चपळाई केली तरी वीस सेकंद लागतात. फोन शंभर. म्हणजे दोन हजार सेकंद, तेहेतीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी रांग रस्त्यावर गेली, मागे रिक्षांचे हॉर्न, पहिला तास बुडाला, आणि समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "बाई, रेशनचं वाटप आहे का?"

काम वर्गावर न्या. एका तुकडीत सात-आठ फोन निघतात. वर्गशिक्षक हजेरी घेतात तेव्हाच मुलं पुढे येऊन ठेवतात. तीन मिनिटांत संपतं.

ठेवायचं कशात, यावर आम्ही एक पूर्ण सत्र वाया घालवलं. आधी तुळशीबागेतून चपला टांगायचा कप्प्यांचा पडदा आणला होता, चोवीस कप्प्यांचा. दिसायला फार छान. एक फोन कव्हरसकट दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे वीस फोनांचे चार किलो, आणि वाड्याच्या जुन्या भिंतीत ठोकलेला एक खिळा. तो खिळा माझ्याच तासाला निसटला. खाली बाक होता म्हणून निभावलं. दोन काचा गेल्या. त्या बदलायला मुख्याध्यापकांनी आणि मी आपापल्या खिशातून पैसे दिले, कारण शाळेच्या हिशेबात "विद्यार्थ्याच्या फोनची काच" या नावाचं शीर्ष नाही.

आता जे आहे ते साधं आणि भक्कम. गणवेशाच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी आणि मुलांनीही नाडीच्या पिशव्या शिवल्या. खाकी कापड जाड असतं, काच वाचते. प्रत्येक पिशवीवर हजेरी क्रमांक, कपड्यांवर लिहायच्या पक्क्या शाईने. बोहरी आळीतून झाकणाचे चौदा प्लॅस्टिकचे डबे घेतले, प्रत्येकावर तुकडीचं नाव. मुलगा फोन वर्गशिक्षकासमोर बंद करतो, आपल्याच हाताने आपल्या पिशवीत घालतो, नाडी ओढतो, डब्यात ठेवतो. वर्गशिक्षकाने फोनला हात लावायचा नाही. हे नीट वाचा: ज्या फोनला तुमचा हात लागला नाही, त्याच्या तड्याबद्दल तुमच्याशी कोणी भांडत नाही.

परिपाठ झाला की मामा डबे ऑफिसच्या कपाटात नेतात. कपाटाची किल्ली दोघांकडे, तिसऱ्याकडे नाही. शेवटच्या तासाला पाच-वीसला डबे वर्गात येतात आणि हजेरी क्रमांकाने पिशव्या परत जातात. एक दिवस एकपासून, दुसऱ्या दिवशी उलटे, नाहीतर "क्षीरसागर नेहमी शेवटी का?" हा प्रश्न पालकसभेपर्यंत जातो.

"बंद" म्हणजे पूर्ण बंद. सायलेंट नाही, विमानाचं चिन्ह नाही. तरीही एखाद्या दुपारी कपाटातून कोंबडा आरवतो, कारण काही फोन बंद असले तरी गजराच्या वेळेला जागे होतात. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना गजर काढायला सांगा. आणि एखाद्या फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तो बाकीच्यांबरोबर कपाटात कोंडू नका. त्याच दिवशी पालकांना बोलावून ताब्यात द्या. फुगलेली बॅटरी आणि एप्रिलमधलं लोखंडी कपाट, ही जोडी मला नको.

मुलं हुशार असतात हेही धरून चाला. पिशवीत मेलेला जुना फोन आणि मोज्यात चालू नवा, हा प्रकार आमच्याकडे नववीत झाला. पिशवीतल्या फोनची स्क्रीन आठवडाभर एकदाही उजळली नाही, म्हणून मला शंका आली. म्हणून आता नियम असा की फोन चालू अवस्थेत दाखवायचा आणि मग बंद करायचा. एवढ्याने भागतं. यापुढे पोलिसगिरी करायला गेलात, तर तुम्ही शिकवणार कधी?

घड्याळांचं काय, असं विचाराल. मेसेज दाखवणारं घड्याळ हा फोनच समजा. पिशवीत.

तासाला फोन वाजला तर

गेल्या वर्षी आठवीच्या तासाला मी फळ्यावर सह्याद्री काढत होते आणि मागच्या बाजूने झिंगाट रिंगटोन वाजली. पन्नास माना एका बाकाकडे वळल्या. माझ्या ओठांवर "कोणाचा आहे?" हे आलंच होतं. ते गिळलं. तो प्रश्न विचारला की पन्नास मुलं साक्षीदार होतात आणि एक मुलगा आरोपी, मग तो नाकारतो, मित्र खोटं बोलतात, आणि तासाचा निकाल लागतो. मी म्हटलं, "मला अजून घाटमाथा काढायचाय. दोन मिनिटं लागतील. मी वळेन तेव्हा तो फोन बंद होऊन टेबलावर असेल." आणि फळ्याकडे तोंड करून थळघाट, बोरघाट, वरंधा, आंबोली असं सावकाश काढत गेले. पावलांचा आवाज आला, परत गेला. वळले तर टेबलावर फोन, खडूच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

स्वतः आणून दिला तर तो त्याच दिवशी साडेपाचला परत, नोंद फक्त वहीत. आमची ही पहिली पायरी. दुसऱ्यांदा झालं तर घरी फोन आणि अर्जावरच्या दोघांपैकी एकाने येऊन न्यायचा. तिसऱ्यांदा झालं तर त्या सत्रापुरता अर्ज रद्द. एवढंच. दंड नाही. "शंभर रुपये भरा" अशी पावती फाडायची सूचना एका सहकाऱ्याने केली होती. ज्याच्या बापाकडे शंभर आहेत त्याच्यासाठी ते भाडं होतं आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी शिक्षा.

आणि महिनाभर, वर्षअखेरपर्यंत फोन ठेवून घेणं, हे तर करूच नका. मी केलंय, म्हणून सांगते. नववीतल्या एका मुलाचा फोन मी तिसऱ्या खेपेला आठ दिवस ठेवला. मला वाटत होतं, चांगला धडा. चौथ्या दिवशी त्याची आई आली, पदराला पीठ तसंच. ती पोळी-भाजीचे डबे करते, डब्यांच्या सगळ्या ऑर्डरी त्या फोनवर येतात. मुलगा दुपारी तिचा फोन उचलून आणत होता. चार दिवसांत तिची सहा गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली होती. ती ओरडली नाही. "बाई, त्याला शिक्षा करा ना, मला का केली?" एवढंच म्हणाली. अर्जातला "घरातला एकमेव" हा रकाना तिच्यामुळे आहे. तसा फोन असेल तर गुन्हा कितीही मोठा असो, फोन त्याच संध्याकाळी घरी जातो आणि मुलाशी हिशोब दुसऱ्या मार्गाने होतो.

पालकाला बोलावतानाही तेच भान ठेवा. "उद्या अकरा वाजता या" म्हणणं सोपं असतं, पण धुणीभांडी करणाऱ्या किंवा रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात खाडा पडतो. आम्ही साडेपाच ते साडेसहा ही वेळ ठेवली आहे आणि शनिवारी सकाळ. तरीही जमलं नाही, तर फोनवर बोलून, दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर सहीची चिठ्ठी चालते. नियमाचा जीव मुलाला समजण्यात आहे, आईला ताटकळत ठेवण्यात नाही.

वही

आप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणा आणि पानांना आधीच क्रमांक घाला. मधलं पान फाडलेलं कळलं पाहिजे. एक नोंद कशी दिसते ते दाखवते:

"१७ जुलै, ३.४०, आठवी क, हजेरी क्र. २३. निळा फोन, मागे डाव्या कोपऱ्यात तडा, कव्हरवर विठोबाचं स्टिकर. तासाला वाजला, स्वतः आणून दिला. घेतला: (सही). कपाटात ठेवला: मामा. ५.३२ ला विद्यार्थ्यास परत. विद्यार्थ्याची सही."

"डाव्या कोपऱ्यात तडा" हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. एका पालकांनी तो तडा शाळेत पडला म्हणून आवाज चढवला होता. वही पुढे केली, मुलाने मान खाली घातली, प्रकरण चहावर मिटलं. वेळही मिनिटासकट लिहा. "दुपारी" असं लिहिलेल्या नोंदीचा कोणालाच उपयोग नसतो.

झडती, आणि फोनच्या आतलं

मुलाच्या खिशात हात घालायचा नाही. कंबरेला, मोज्यांना हात लावायचा नाही. शंका असेल तर दुसऱ्या शिक्षकाला बोलवा, मुलाला बाजूला न्या, "तूच काढून दे" म्हणा आणि थांबा. मुलगी असेल तर दोन्ही शिक्षिकाच. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मारायला आणि मानसिक छळालाही मनाई करतो. वर्गासमोर दप्तर उलटं करणं हा छळच आहे, मग त्यातून फोन निघो वा डबा. "नाही म्हणजे नाही देणार" असं मुलगा म्हणाला, तर ओढाताण करू नका. वहीत तसं लिहा आणि घरी कळवा. फोन मिळाला नाही म्हणून नियम मोडत नाही. तुम्ही झोंबाझोंबी केलीत की मात्र मोडतो.

फोन हातात आला तरी तो उघडायचा नाही. पासवर्ड मागायचा नाही, गॅलरी बघायची नाही, "कोणाशी बोलतोस बघू" नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला शाळांमधल्या स्मार्टफोनबद्दल मार्गदर्शक तत्त्वं सांगितली, तीही समतोल आहेत: सरसकट बंदी योग्य नाही, शक्य तिथे फोन जमा करून घ्या, वर्गात वापर नको, कॅमेरा आणि रेकॉर्डिंग शाळेत नको, फोन काढून घेणं ही शिक्षा म्हणून चालेल, आणि धोरण पालक-शिक्षकांशी बोलून ठरवा. आपल्या मुख्याध्यापकांना "बंदी की परवानगी" असा प्रश्न पडला असेल, तर हे त्यांच्यासमोर ठेवा.

एकच प्रसंग वेगळा. एखादी मुलगी रडत सांगते, की अमक्याच्या फोनमध्ये माझा फोटो आहे, किंवा मुलांमध्ये एखादा घाणेरडा व्हिडिओ फिरतोय. इथे तुमचं कुतूहल आणि तुमचा राग, दोन्ही बाजूला ठेवा. तो व्हिडिओ बघू नका. "पुरावा" म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच पाठवू नका. लहान मुलांचं असलं चित्रण पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, पाठवणारा शिक्षक असला तरी. फोन बंद करा, पाकिटात घाला, दोघांच्या सह्या करा, मुख्याध्यापकांना द्या. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव जाईल म्हणून आतल्या आत मिटवता येत नाही. मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यासाठी १९३० हे दोन नंबर आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लँडलाइनच्या वरच चिकटवलेत. आणि त्या मुलीला आधी पाणी द्या, बसवा, तिची आई येईपर्यंत तिच्याजवळ थांबा.

पालकसभेत काय बोलायचं

आमच्या सभेत दोन गट असतात. एक म्हणतो, "बाई, घ्या काढून, फोडून टाका." दुसरा म्हणतो, "माझ्या मुलाशी मला कधीही बोलता आलं पाहिजे." पहिल्या गटाला मी सांगते की फोडायचा नाहीये, तुम्हीच हप्ते भरताय. दुसऱ्या गटाचं म्हणणं मात्र गंभीरपणे घ्या, कारण ते खरं आहे. त्यांना वचन द्यावं लागतं: शाळेची लँडलाइन बारा ते सहा उचलली जाईल. आणि मग ती खरोखर उचलावी लागते. आम्ही सुरुवातीला हे वचन दिलं आणि फोन ठेवला होता जिन्याखालच्या खोलीत. पहिल्याच आठवड्यात एका मुलीच्या आजी गेल्या, घरच्यांनी सात वेळा फोन केला, कोणीच उचलला नाही. मग मुलीच्या आत्या रिक्षाने आल्या. आता ती लँडलाइन ऑफिसातल्या शिपाई मावशींच्या टेबलावर आहे, आणि निरोप आला की पाच मिनिटांत वर्गात चिठ्ठी जाते. तुमची लँडलाइन उचलली जात नसेल, तर फोन जमा करायचा नैतिक अधिकार तुम्हाला नाही, असं माझं मत आहे.

हिंजवडीला काम करणारे एक बाबा दर सभेला विचारतात, "जगात काय चाललंय?" त्यांच्यासाठी मी थोडं वाचून ठेवलं आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी केली. मुलांनी काय केलं? फोन खिशात ठेवला. शेवटी २०२४ च्या सत्रात त्यांना सुमारे २०० शाळांमध्ये फोन प्रत्यक्ष जमा करून घेण्याचा प्रयोग सुरू करावा लागला. म्हणजे आमच्या खाकी पिशव्या तिथेही पोचल्या म्हणायच्या. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांतून फोन काढले. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात जगातल्या चारपैकी एकाहून कमी देशांत बंदी होती. आता तो आकडा वाढला आहे. त्या अहवालातली जी गोष्ट मी वर्गात रोज बघते ती अशी, की लक्ष एकदा उडालं की ते परत बसायला वीस मिनिटंही लागू शकतात. आमचा तास पस्तीस मिनिटांचा. हिशोब तुम्हीच करा.

पण पालकांना जास्तीचं काही कबूल करू नका. बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५ मध्ये ३० शाळांतल्या १,२२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर निर्बंध असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही, दिवसभरातला एकूण वापरही फारसा कमी झालेला नव्हता. शाळेत पाच तास मिळत नाही, तो रात्री वसूल होतो. म्हणून मी सरळ सांगते: आमच्या नियमामुळे तुमच्या मुलाचे मार्क वाढतील की नाही, हे मी सांगत नाही, तास शांत होईल आणि मधल्या सुट्टीत तो मित्रांशी बोलेल, एवढं सांगते. रात्रीचं तुम्ही बघा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. सभेत हे सांगितलं की सगळे कौतुकाने माना डोलावतात, आणि मग कोणीतरी मागून विचारतं, "पण बाई, सोसायटीत भोंगा लावला तर चेअरमन नोटीस काढतील." पुण्यातली शंका ही.

आपला फोन

आता दुखरी नस. तास चालू असताना शिक्षक फोन बघत असेल, तर वर लिहिलेलं सगळं रद्दीत घाला. आमच्याकडे एक सर पर्यवेक्षणाच्या तासाला क्रिकेटचा स्कोअर बघायचे; मुलं त्यांच्या चेहऱ्यावरून विकेट ओळखायची. शिक्षकांना ऑनलाइन माहिती भरायची कामं असतात, हे मान्य. ती स्टाफरूममध्ये करा. माझा फोन तासाला जाताना शून्य क्रमांकाच्या पिशवीत जातो, ती मुलांच्या डब्यातच असते. पहिल्या दिवशी एका पोराने "बाई, चालू करून दाखवा, मग बंद करा" असं सुनावलं. दाखवला.

आणि घरचा अभ्यास रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं बंद करा. सभेत आपण म्हणायचं "फोन देऊ नका" आणि रात्री त्याच फोनवर गणिताची उदाहरणं पाठवायची! अभ्यास फळ्यावर, मुलाच्या वहीत, शाळा सुटायच्या आधी. ग्रुपवर फक्त सुट्टी, सहल आणि वेळेतले बदल. हे करायला माझ्या सहकाऱ्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मुलांना नाही.

दहावीच्या मुलांना एक गोष्ट वेगळी सांगते, की बोर्डाच्या परीक्षेच्या खोलीत फोन चालत नाही आणि तिथे खाकी पिशवीही नसते. जानेवारीपासून फोन घरी ठेवून यायची सवय करा. ऐन पेपरच्या दिवशी फाटकाबाहेर फोन कोणाकडे द्यायचा म्हणून रडवेली झालेली मुलं मी दर मार्चमध्ये बघते.

फाटकावर पाटी हवीच, पुणं आहे. आमच्या कला शिक्षकांनी रंगवली आहे: "फोन आणलात? अर्ज दाखवा. अर्ज नाही? फोन घरी सुखरूप असेलच. दोन्ही नाही? मग प्रश्नच मिटला." पालक थांबून फोटो काढतात. फोनवरच.

शेवटचं काम दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एप्रिलअखेर. कपाट रिकामं करा, वहीतली प्रत्येक नोंद "परत" या शेऱ्याने बंद झाली आहे का, ते बघा. दरवर्षी दोन-तीन वस्तू उरतात. गेल्या वर्षी एक चार्जर, एका कानाचा हेडफोन आणि एक फोन, ज्याचा मुलगा शाळा सोडून सोलापूरला गेला होता. वहीतल्या नंबरावर फोन केला, त्याची मावशी अर्ज आणि ओळखपत्र घेऊन आली आणि घेऊन गेली. पिशव्या मात्र घरी नेऊन धुवा. आमच्या शिपाई मावशी म्हणतात वर्षातून एकदा पुरे. मी दोनदा धुते, कारण चोवीस नंबरच्या पिशवीला कायम चिवड्याचा वास येतो, आणि तो मुलगा शपथेवर सांगतो की त्यात फक्त फोनच असतो.